वाद, जल्प आणि आज्ञा : घुग्घुसच्या वाचकाची एक अडचण

१

मराठीत 'वाद' हा शब्द दोन कामे करतो. एका प्रश्नाची दोघांनी उलटसुलट चर्चा केली तर तो वाद. आणि त्या चर्चेतून निघालेली भूमिका एखाद्या नावाला चिकटून स्थिर झाली की तोही वाद : मार्क्सवाद, गांधीवाद, आंबेडकरवाद, माओवाद. पहिल्या वादाला समोर दुसरा माणूस लागतो, दुसऱ्याला अनुयायी पुरतात. एकाच शब्दाने ही दोन्ही कामे करावीत ही भाषेची गरिबी नव्हे. पहिल्याचा दुसरा कसा आणि केव्हा होतो, हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला आहे.

न्यायशास्त्राने चर्चेचे, म्हणजे 'कथे'चे, तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून केलेली चर्चा हा वाद. जिंकावे म्हणून केलेली चर्चा हा जल्प. स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची पाडण्यासाठी केलेली चर्चा ही वितंडा. जल्पात छल आणि 'जाति' चालतात. 'जाति' म्हणजे वरवरच्या साम्यावर किंवा भेदावर उभारलेले फसवे प्रत्युत्तर. आधुनिक महाराष्ट्रातील वैचारिक वादांत बोलणाऱ्याच्या युक्तिवादाला उत्तर देण्याऐवजी त्याच्या जन्मजातीकडे बोट दाखवण्याची जी रीत रुळली, तिला हा जुना पारिभाषिक शब्द विलक्षण अर्थाने लागू पडतो. न्यायशास्त्राने 'निग्रहस्थान' अशीही एक कल्पना दिली आहे : वाद करणाऱ्याने जेथे पराभव मान्य करून थांबले पाहिजे ती जागा. जहाल राजकीय विचारांच्या इतिहासाकडे पाहताना ह्या कल्पनेचा उपयोग सर्वांत जास्त होतो. कोणत्या चळवळीने आपल्यासाठी असे निग्रहस्थान ठेवले होते, असे विचारता येते.

हा प्रश्न येथे एका विशिष्ट जागेवरून पाहावयाचा आहे. समीक्षेत 'अभिप्रेत वाचक' अशी संकल्पना वापरली जाते. तशाच अर्थाने एक 'घुग्घुसचा वाचक' गृहीत धरता येईल. घुग्घुस हे चंद्रपूर जिल्ह्यातील वर्धा नदीकाठचे कोळसा खाणींचे गाव. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्याचा वणी तालुका. गावात वेकोलिच्या वसाहती, सिमेंटचा कारखाना, लोहप्रकल्प. बाजारात मराठीबरोबर तेलुगू, हिंदी आणि छत्तीसगढी. हा वाचक अशाच एका वसाहतीत वाढला. १ मे १९७३ रोजी कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा त्याचे वडील खाणीत लोडर होते. आजी १९५६च्या ऑक्टोबरात चंद्रपूरला पायी गेलेली. तो स्वतः मराठी घेऊन एम.ए. झाला आणि वर्ग, जात, बांधिलकी, पाया व इमला हे शब्द त्याने नियतकालिकांच्या पानांवर प्रथम वाचले. त्याची अडचण अशी, की हे शब्द जेथे छापले जात तेथे ते शब्द होते. त्याच्या पंचक्रोशीत मात्र त्यांतील जवळजवळ प्रत्येक शब्दासाठी कोणीतरी नोकरी, घर किंवा जीव गमावला होता.

२

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, चंद्रपूरला तसाच समारंभ झाला. महिन्याभराने, २० नोव्हेंबरला, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी बुद्ध आणि मार्क्स ह्यांच्या तुलनेवर भाषण केले आणि ६ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. चंद्रपूर आणि काठमांडू ह्यांचा संबंध सहसा जोडला जात नाही. परंतु घुग्घुसच्या वाचकाला ही दोन स्थळे एकाच वाक्याची दोन अंगे वाटतात. आजीने चंद्रपूरला जे केले, त्याचे समर्थन मार्क्सवादी प्रश्नांच्या संदर्भात काठमांडूला मांडले गेले.

ह्या भाषणाची मांडणी वादाची आहे, जल्पाची नाही. त्यात आंबेडकर मार्क्सचे साध्य नाकारत नाहीत. दुःख आणि शोषण आहे, खाजगी मालमत्तेशी त्याचे नाते आहे, हे मान्य करूनच ते पुढे जातात. त्यांचा मुद्दा साधनांचा आहे. हिंसा आणि हुकूमशाही ह्या मार्गाने आलेली समता त्या मार्गाचा दाब उठल्यावर टिकेल कशाने, असे ते विचारतात. माणसाचे मन बदलले नसेल तर बळ काढून घेताच जुनी व्यवस्था परत येईल. प्रतिपक्षाचे उत्तम ते मान्य करून उरलेल्यावर बोट ठेवणे ही वादाची शिस्त येथे पूर्णपणे पाळलेली दिसते.

ही शिस्त अनुभवातून आलेली होती. १९३८च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांसमोर त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या मुंबईतील एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते. पण मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. तुटलेला धागा ओठांनी ओढून घ्यावा लागे आणि त्याचा विटाळ मानला जाई. कामगार वर्गाची एकजूट हा सिद्धांत त्या धाग्यापाशी अडला होता. म्हणजे वर्ग आणि जात हा वाद पुस्तकातून सुरू झालेला नाही. तो कामाच्या जागी आधीच चालू होता आणि पुस्तकांनी त्याला उशिरा नाव दिले.

'भारत आणि साम्यवाद' ह्या विषयावर आंबेडकरांनी लिहावयास घेतलेले पुस्तक अपुरे राहिले. त्याचा उपलब्ध भाग २०१७ मध्ये आनंद तेलतुंबडे ह्यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह इंग्रजीत प्रसिद्ध झाला. एवढ्या महत्त्वाच्या वादाची मुख्य संहिता साठ वर्षे अपुरी आणि विखुरलेली राहावी, आणि तरीही दोन्ही बाजूंनी निकाल लावून मोकळे व्हावे, ह्यातच त्या वादाचे पुढे काय झाले ते दिसते.

३

१९७०च्या दशकात मराठीत हा वाद पुन्हा तापला आणि ह्या वेळी त्याचे घर नियतकालिके हे होते. 'मागोवा' गटाच्या तरुणांनी अभ्यासगट चालवले, त्यांतील काहीजण शहाद्याच्या आदिवासी श्रमिकांच्या लढ्यात गेले आणि चर्चेचे निष्कर्ष जमिनीवर तपासण्याचा प्रयत्न त्यांनी केला. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली. १९७३च्या तिच्या जाहीरनाम्याने 'दलित' ह्या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन आणि स्त्रिया ह्या सर्वांना घेतले. एका शब्दाचा अर्थ असा रुंदावणे ही स्वतंत्र वाङ्मयीन घटना होती. पण १९७४ मध्ये ह्याच मुद्द्यावर संघटना फुटली. नामदेव ढसाळ डावीकडे झुकले असा आरोप झाला, राजा ढाले ह्यांनी बौद्ध विचाराची बाजू धरली. प्रश्न खरा होता : दलितत्व हे आर्थिक स्थितीचे नाव की सामाजिक अनुभवाचे? परंतु त्याचे उत्तर शोधण्याआधीच त्याचे दोन गट झाले. हाच तो क्षण, जेथे वाद जल्प होतो. दोन्ही बाजूंजवळ सत्याचा अंश असतो आणि दोघांनाही तो अंश हेच शस्त्र वाटू लागते.

ह्या कोंडीतून सैद्धांतिक वाट काढण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न शरद् पाटील ह्यांचा. जातीच्या प्रश्नावर १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापला आणि मार्क्सवादाला फुले-आंबेडकरवादाची जोड दिली. 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) ह्या ग्रंथाने हा वाद थेट साहित्यविचारात आणला. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती ह्या बौद्ध तर्कशास्त्रज्ञांपर्यंत जाऊन त्यांनी ज्ञानशास्त्राचा आधार शोधला, ही गोष्ट लक्षणीय आहे. पक्षाच्या शिस्तीपेक्षा प्रमाणशास्त्राची शिस्त वादाला अधिक मानवते, असे त्यातून सुचते. त्यांची सर्व प्रमेये मान्य होण्यासारखी नाहीत. परंतु ती खोडून काढावयाची तर वाचावी लागतात. मराठी समीक्षेने बहुतेक वेळा ह्यांपैकी एकही कष्ट घेतले नाहीत. तिने लेबल लावले आणि ती पुढे गेली.

घुग्घुसच्या वाचकाने हे सर्व वाचले ते काही वर्षांच्या अंतराने, हातोहात फिरलेल्या जुन्या अंकांतून. त्याच्या वसाहतीत तेव्हा आयटक, इंटक, एचएमएस, बीएमएस अशा संघटना होत्या. पाळी सुटल्यावरची चर्चा सदस्यसंख्येची, वेतन कराराची आणि अनुकंपा नोकरीची असे. ह्या चर्चेला क्षुद्र म्हणणे सोपे आहे. पण वेतन कराराने लोडरच्या घरी दोन वेळचे जेवण आणि मुलाला महाविद्यालय दिले. कायम कामगार आणि ठेकेदारी कामगार ह्यांच्यातील भिंतीविषयी मात्र ही चर्चा फारशी बोलली नाही. गिरणीतला विणकाम खात्याचा धागा येथे वेगळ्या रूपात शिल्लक होता.

४

वर्धा नदी घुग्घुसहून खाली जाते, वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते. कोळशाचा पट्टाही साधारण त्याच दिशेने तेलंगणात उतरतो. १९८० मध्ये ह्या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडून एक वाद उलट दिशेने वर आला. एप्रिलमध्ये कोंडापल्ली सीतारामय्या ह्यांच्या नेतृत्वाखाली पीपल्स वॉर स्थापन झाला होता. त्याच्या पहिल्या दलांपैकी एकातील पेद्दी शंकर हा बेल्लमपल्लीच्या कोळसा पट्ट्यातील दलित तरुण २ नोव्हेंबर १९८० रोजी सिरोंचा भागातील मोयाबिनपेठा येथे पोलिसांच्या गोळीने मरण पावला. खाणीच्या गावातून निघालेला माणूस खाणींची गावे ओलांडून जंगलात गेला, ह्याचे कारण सिद्धांतात होते. खेड्यांनी शहरांना वेढावे आणि जंगल हा त्या युद्धाचा तळ व्हावा, असे तो सिद्धांत सांगत होता. कामगार वर्ग नेतृत्व करील हे वाक्य कायम राहिले. कामगार मात्र मागे राहिला.

त्या जंगलात प्रश्न नव्हते असे नाही. वनखात्याच्या रक्षकाला कोंबडी, पैसा आणि वेठ द्यावी लागत होती. तेंदूपानांच्या पुड्याला आणि कागद गिरणीसाठी तोडलेल्या बांबूला मिळणारा दर लाजिरवाणा होता. दलांच्या दबावाने हे दर वाढले, हे त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत. गडचिरोलीतील गोंड-माडिया माणसाने ह्या चळवळीला जे ऐकून घेतले ते माओच्या प्रबंधांसाठी नव्हे, तर पुड्याच्या भावासाठी. परंतु पुढे हीच चळवळ न्यायाधीशही झाली. 'खबऱ्या' ठरवून मारलेल्या माणसाच्या शेजारी ठेवलेले पत्रक हा मराठीतील एक भयंकर गद्यप्रकार आहे. त्यात आरोप असतो, निष्कर्ष असतो, शिक्षेची नोंद असते. फक्त प्रतिपक्ष नसतो. दुसरीकडे १९९० मध्ये सी-६० दल उभे राहिले, टाडाखाली गावकऱ्यांना अटका झाल्या, आणि राज्यसंस्थेच्या कागदांतही ह्या माणसाचे म्हणणे कोठे आले नाही. दोन आज्ञांच्या मध्ये वादाला जागा उरली नाही.

हे दूरचे नव्हते. नागपूर विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या, इंदोऱ्याच्या दलित वस्तीत राहणाऱ्या अनुराधा घांदी ह्यांनी जातिप्रश्नावर मार्क्सवादी चौकटीतून गंभीर लेखन केले. त्या पुढे भूमिगत झाल्या आणि २००८ मध्ये निवर्तल्या. घुग्घुससमोर नदीपलीकडच्या वणी तालुक्यातील राजूरचे मिलिंद तेलतुंबडे वेकोलित नोकरी करता करता कामगार चळवळीत आले, मग जंगलात गेले. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी गडचिरोलीतील मर्दिनटोला येथील चकमकीत ते इतर पंचवीसजणांसह मारले गेले. 'भारत आणि साम्यवाद'चे प्रस्तावनाकार आनंद तेलतुंबडे हे त्यांचे थोरले बंधू. एकाच घरातून जात आणि वर्ग ह्या प्रश्नाकडे इतक्या भिन्न वाटांनी जाता येते, ही वस्तुस्थिती कोणत्याही सैद्धांतिक सुटसुटीतपणाला जागच्या जागी थांबवते.

आणि मग २०२५. माओवादी पक्षाच्या पॉलिटब्युरोचे सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव, म्हणजे भूपती, ह्यांनी सशस्त्र लढा थांबवण्याची गरज लेखी मांडली. पक्षातून आधी ती त्यांची व्यक्तिगत भूमिका ठरवली गेली, नंतर द्रोह. ऑक्टोबरच्या मध्याला साठ सहकाऱ्यांसह त्यांनी गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ह्या घटनेकडे कोणी विजय म्हणून पाहील, कोणी विश्वासघात म्हणून. वादाच्या दृष्टीने तिचा अर्थ वेगळा आहे. पंचेचाळीस वर्षांत हा मतभेद पक्षाच्या आत मांडून, हरून किंवा जिंकून, पुन्हा त्याच पंक्तीत बसता येईल अशी जागा तयार झाली नव्हती. मतभेद व्यक्त करावयाचा तर बाहेर पडावे लागे, आणि बाहेर पडणे म्हणजे शत्रूकडे जाणे. ज्या विचाराला निग्रहस्थान नाही, त्याचा पराभव युक्तिवादाने होत नाही. तो माणसे संपल्यावरच होतो. काठमांडूला विचारलेला प्रश्न मोयाबिनपेठ्यापासून मर्दिनटोल्यापर्यंत कोणीतरी थांबून ऐकला असता तर किती जण वाचले असते, हा हिशेब मांडता येत नाही. पण तो प्रश्न उपलब्ध होता, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील कितीतरी घरांत त्याची प्रतिमा भिंतीवर होती, हे विसरता येत नाही. प्रतिमेला हार घातला जात होता. प्रश्नाला मात्र फारसे कोणी हात लावत नव्हते. आंबेडकरवादही अशा रीतीने शब्दाच्या दुसऱ्या अर्थाने 'वाद' झाला.

५

ह्याच गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे एक लहान गोंड गाव आहे. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध १९८४च्या सुमारास उभ्या राहिलेल्या 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलनात, ज्याच्याशी आनंदवनचे बाबा आमटे जोडलेले होते, ह्या गावाच्या जागृतीचे मूळ आहे. देवाजी तोफा आणि गावकरी, तसेच चंद्रपूरचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल (निधन जानेवारी २०२५) ह्यांच्या सहवासातून तेथे दोन वेगळ्या गोष्टी घडल्या. एक ग्रामसभा, दुसरा अभ्यासगट. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा सर्वांना ठाऊक आहे. ह्या दोन संस्थांमधील भेदाकडे मात्र कमी लक्ष गेले.

अभ्यासगटात कोणीही येऊ शकतो : गावकरी, बाहेरचा कार्यकर्ता, वनाधिकारी, प्राध्यापक. तेथे हवा तेवढा वाद होतो. निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, तोही सर्वसहमतीने. एकाचा विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त माहिती आहे, त्याच्या हाती निर्णयाची सत्ता नाही. आणि ज्याला निर्णयाचे परिणाम भोगावयाचे आहेत, त्याला तो अडवता येतो. क्रांतिकारी पक्षाच्या रचनेत ह्याच्या नेमके उलट असते. तेथे अभ्यास करणारा आणि आज्ञा देणारा एकच असतो. मेंढ्याने वादाला सत्तेपासून तोडले आणि म्हणून त्याला मोकळे ठेवले. विरोधकाला बोलू देणे तेथे औदार्याचा प्रकार नाही, कामाची गरज आहे : त्याचे समाधान झाल्याशिवाय बांबू कापता येत नाही.

ह्याचे फळ केवळ नैतिक नव्हते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वनखाते बांबूच्या वाहतुकीचा परवाना देईना. गावाने विक्री जाहीर करून कायद्याचा अर्थच वादात ओढला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. जंगल कोणाचे, ह्या प्रश्नावर ह्या जिल्ह्यात झालेला हा मोठा विजय बंदुकीशिवाय मिळाला. मिलिंद बोकील ह्यांच्या 'गोष्ट मेंढा गावाची' ह्या पुस्तकात हा सारा प्रवास आहे. समीक्षेने त्याच्याकडे वैचारिक गद्याचा एक नमुना म्हणूनही पाहावयास हवे. सिद्धांत उदाहरणावर लादला न जाता उदाहरणातून कसा निघतो, हे त्यात दिसते.

अर्थात मेंढा ही सर्व प्रश्नांची किल्ली नाही. ते लहान आहे, बव्हंशी एकजिनसी आहे. जातींच्या उतरंडीत वाटल्या गेलेल्या गावात सर्वसहमती म्हणजे बलवानाचा नकाराधिकार ठरू शकते. आंबेडकरांनी खेड्याविषयी दिलेला इशारा येथे जसाच्या तसा लागू आहे. महारवाड्याला पाणी देण्यास एकाचा विरोध असता तर तो विषय किती वर्षे पुढे ढकलला गेला असता? म्हणून साधनाचा प्रश्न मेंढ्यापाशी सुटत नाही, तो अधिक नेमका होतो. निर्णय भोगणाऱ्याने घ्यावा हे खरे. पण भोगणारा कोण हे ठरवताना संख्या नव्हे, इजा मोजली पाहिजे.

६

घुग्घुसच्या वाचकासमोर आता ह्या सर्व धाग्यांची टोके एकदम येतात. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज ट्रकांतून घुग्घुसच्या कारखान्याकडे येऊ लागले. परिसरातील ग्रामसभांनी खाणीला विरोध नोंदवला; २०१६च्या डिसेंबरात माओवाद्यांनी तेथे सत्तराहून अधिक वाहने जाळली; काही वर्षांनी खाण पुन्हा सुरू झाली. जाळण्याने खाण थांबली नाही, ग्रामसभेचा आवाज मात्र संशयास्पद ठरला. जंगलातल्या माणसाचा डोंगर आणि घुग्घुसच्या तरुणाची नोकरी आज एकाच वाहनात आहेत. वर्ग म्हणून हे दोघे एकत्र यावेत असे प्रत्येक सिद्धांताने सांगितले. त्या दोघांनी समोरासमोर बसून बोलावे, अशी व्यवस्था कोणी केली नाही.

२०२२च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गेले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. भूमिगत खाणकामात कोळसा काढल्यावर पोकळीत वाळू भरण्याची पद्धत आहे. वरचे गाव उभे राहावे म्हणून खालचे परत भरावे लागते. चळवळींनी आणि त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी ह्या प्रदेशातून अनुभव भरपूर उपसला : हुतात्मे, आकडे, घोषणा, कवितेचे विषय. त्याबदल्यात परत काय भरले? समीक्षेपुरते बोलावयाचे तर उत्तर साधे आणि कष्टाचे आहे. ज्यांच्यासंबंधी वाद झाला त्यांना तो वाचता येईल, त्यात बोलता येईल आणि तो थांबवता येईल, अशी भाषा. वर्ग की जात, बुद्ध की मार्क्स, बंदूक की ग्रामसभा, ह्या प्रश्नांची उत्तरे कदाचित बराच काळ मिळणार नाहीत. पण ती उत्तरे शोधताना प्रतिपक्षाला जिवंत आणि समोर ठेवणे ही पद्धत नव्हे, तीच निम्मी उत्तराची बाजू आहे. आजीने पायी जाऊन जो धम्म स्वीकारला, त्याचा शास्ता तिला तपासून घे म्हणाला होता. नातवाच्या हातातील नियतकालिकाने त्याहून कमी अपेक्षा ठेवू नये.